मनातले मांडे

सोसायटीच्या गेल्या सालच्या डायरीत
मी युरोप मांडायला बसले.
डावीकडे शहरं, उजवीकडे रुपये,
मध्ये पेन्सिलीची रेघ,
खोडता यावी म्हणून पेन्सिल.

चार माणसं. अकरा रात्री.
दोन भिश्या, मुदतीआधी मोडलेली एक एफडी,
आणि गंठणाबद्दल मी अजून कुणाला बोललेले नाही.

पॅरिस पहिल्याच संध्याकाळी गेलं.
केदारनं फ्रिजवर मनोऱ्याचं चित्र डकवलं होतं,
ते त्यानंच काढलं
नि त्या जागी लाइट बिल लावलं.
मग व्हेनिस. मग ॲम्स्टरडॅम,
जिथं एका रात्रीच्या खोलीत
आमच्या वडगावच्या माडीवरचा भाडेकरू
दोन महिने राहतो.

उरले बुडापेस्ट, प्राग, व्हिएन्ना.
बुडापेस्टहून प्रागला रात्रीची बस,
म्हणजे एक हॉटेल वाचतं.
"बेंगळूरला जातो तसंच की," परशराम म्हणाले,
"फक्त उतरल्यावर इडली नसंल."

एजंट कागद मागतो.
रेशनकार्डावर आम्ही बिरजी, कन्नडातून आलेले,
शाळेच्या दाखल्यावर बिर्जे,
आधारवर इंग्रजीत कुणी तिसरेच.
ही तीन कुटुंबं एका विमानात बसवायला
कोर्टासमोरच्या टायपिस्टनं बाराशे घेतले.
ते कुठल्या शहराच्या खाती टाकू?
जन्मस्थान: माझं बेळगाव,
समृद्धीचं बेळगाव,
केदारचं बेळगावी.
"मी परगावचा काय?" त्यानं विचारलं.

समृद्धी सांगते, तिकडं देश बदलला तरी
बस थांबत नाही. एकदा शिक्का बसला की झालं.
परशराम नुसते ऐकत राहिले.
कोगनोळीच्या नाक्यावर अडवून ठेवलेली
आमची कोल्हापूरची बस त्यांना आठवली असावी.
मला आठवली.
"मग कळतंय कसं, दुसरा देश लागला ते?"
"मोबाईलवर मेसेज येतो, पप्पा."

होनगेकर काकू गच्चीवरून म्हणाल्या,
मनातले मांडे खावा बाई, फुकट असतात.
काकू, आपल्या गावात मांडे
मनात कुठं असतात?
पालथ्या कढईवर भाजलेले, परातीपेक्षा मोठे,
चार घड्या घालून कागदात बांधून मिळतात,
पैसे मोजून.
नकाशाची घडीही तशीच पडते,
उलगडताना जपावं लागतं.

काल रात्री त्यांनी पेन्सिल मागून घेतली.
प्राग नि व्हिएन्नाच्या मधल्या फटीत
बारीक अक्षरात लिहिलं: ब्रनो, एक रात्र.
"तिथं काय आहे बघायला?"
"काय नाही."
मग बऱ्याच वेळानं बोलले.
उद्यमबागेत आठ वर्षं लेथवर जे बुश काढतात,
त्यांच्या पेटीवर तो पत्ता असतो.
पेट्या गेल्या, शेकड्यानं गेल्या.
"गेटपाशी उभारून येऊया की.
आत कोण सोडतंय?"

मी व्हिएन्नाचा राजवाडा खोडला.
बाहेरूनही दिसतो म्हणे.
तरी अठराशे कमीच पडतात.

"वॉचमननं विचारलं तर काय सांगू?"
घरी मराठी, ऑफिसात कन्नड,
हाताखालच्या बिहारी पोरांशी हिंदी,
तिन्ही त्यांनी मनात एकदा फिरवून पाहिल्या असाव्यात.
मी त्यांच्या बोटांकडं पाहिलं,
कातडीखाली बसलेले लोखंडाचे काळे ठिपके.
म्हणणार होते, काही सांगू नका,
नुसते हात दाखवा,

तेवढ्यात गल्लीत कुणी ओरडलं, पाणी आलं!
सहाव्या दिवशी, रात्री पावणेबाराला.
चौघंही घागरी घेऊन धावलो.

डायरी तशीच उघडी राहिली मोरीच्या कट्ट्यावर.
सकाळी पाहिलं तर पान फुगलेलं,
बेरीज ओली.
शाई असती तर फुटली असती.